गुडघ्याला टेप: उतरताना वाटीमागे दुखतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४१, पुण्यात आयटीत, दिवसभर खुर्चीत. तीन वर्षं झाली दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड आणि मधे दोनदा सात-आठ किमी पळणं. दोन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कुठेतरी दुखतंय, नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही. चढताना काही नाही, वर पिठलं-भाकरी, दही सगळं मजेत, उतरायला लागलो की वीस मिनिटांत सुरू. जिना उतरताना पण तेच, आणि तीन तास नाटकाला बसून उठलो की पहिली चार पावलं लंगडत. एक्सरे नॉर्मल. ऑर्थोंनी मांडीचे व्यायाम करा म्हणून फिजिओकडे पाठवलं.

फिजिओंनी आधी एका पायरीवरून उतरायला लावलं, दुखलं. मग मऊ पांढरी पट्टी, तिच्यावर खाकी कडक टेप, वाटी आतल्या बाजूला ओढून चिकटवली आणि परत तीच पायरी. खरं सांगतो, दुखणं निम्म्याहून कमी! पण त्याच संध्याकाळी घामाने सुटली.

मग आमचा शहाणपणा. ऑनलाइन निळी स्ट्रेचवाली टेप मागवली, व्हिडिओ बघून लावली, जितकी ताणता येईल तितकी ताणून. गडाखाली येईपर्यंत टोकांपाशी फोड आणि अंघोळीत काढताना मांडीचे केस पण गेले. बायको म्हणते वॅक्सिंगचे पैसे वाचले.

आता सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आहे, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा, मला टेन्शन त्या उताराचंच. कडक टेप लावू की स्ट्रेचवाली, घरी कशी लावायची, आणि टेप लावून दुखणं दाबत पळतोय असं तर नाही ना होत? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

घाटपळ्या: सेम केस होती माझी. स्ट्रेचवाली ताणून लावायची नसतेच हो! दोन्ही टोकं अजिबात न ताणता, मधे थोडासाच ताण. कोपरे कात्रीने गोल कापा, नाहीतर पँटला अडकून सुटतात. पळायच्या तासभर आधी लावा आणि तळव्याने घासा, उष्णतेने गोंद धरतो. त्वचेवर तेल, क्रीम काही नको.

फिजिओताई: मी याच क्षेत्रात आहे, पण इथे बसून निदान नाही करत. तुमच्या फिजिओंनी लावली ती मॅककॉनेल पद्धत, ऑस्ट्रेलियातल्या जेनी मॅककॉनेल यांची. निळी ती जपानच्या केन्झो कासे यांची, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर सगळीकडे दिसायला लागली. कडक टेपची परीक्षा तुम्ही केलीच आहे, तीच पायरी आधी आणि नंतर. फरक नाही पडला तर काढून परत लावायची, ओढायची दिशा माणसागणिक बदलते, म्हणून एकदा फिजिओंसमोर स्वतःच्या हाताने लावून दाखवा, व्हिडिओवर नको. आणि ती पळून झालं की काढायची, दिवसेंदिवस ठेवायची नाही. फोड पूर्ण बरे होईपर्यंत कुठलीच टेप नको, खाज सुटली तर लगेच काढा.

दाबण्याबद्दल विचारलंत ते बरं केलंत. टेपचा उपयोग पहिले काही आठवडे, दुखणं कमी करून व्यायाम करता यावेत एवढाच. खरं काम मांडी आणि कुल्ल्याच्या स्नायूंचं. टेप आहे म्हणून किमी वाढवू नका. सूज आली, गुडघा अडकला किंवा मधेच दगा द्यायला लागला तर परत ऑर्थो.

दुर्गवेडा: आणि उतरताना काठ्या घ्या राव दोन. लोक हसतात, हसू देत.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. ताई, पकडलंत. व्यायाम चार दिवस केले, टेप मिळाल्यावर बंद. गुरुवारी परत अपॉइंटमेंट घेतलीय, कात्री घेऊनच जातो. चार रविवार गड बंद, सपाटीवर चालणार, साताऱ्याचं नंतर बघू. एकच राहिलं, काढताना केस कसे वाचवायचे?

घाटपळ्या: कडेने खोबरेल लावा, दहा मिनिटं थांबा, मग केसांच्या दिशेने हळूहळू, टेप वर न उचलता त्वचा मागे दाबत. किंवा आधीच ट्रिमर फिरवा.