कस्टम सायकल मापात चुकून आली, बिल्डर म्हणतो कस्टमला रिफंड नसतो. तुम्हाला काय वाटतं?

नाशिक_पेडल
माझी उंची 4 फूट 11 इंच. एवढ्या उंचीच्या बायकांना माहितीये की दुकानातली सगळ्यात छोट्या साइझची रोड सायकलसुद्धा आपल्याला लांबच पडते, हँडल गाठायला खांदे ताणून बसावं लागतं, आणि 700सी म्हणजे मोठं चाक असलं की हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. म्हणून पैसे साठवले आणि स्टीलची फ्रेम बनवून घेतली, त्याहून लहान 650बी चाकाची, बिल्डर दुसऱ्या राज्यातला आहे, एकट्याचं वर्कशॉप. त्याला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं की मला 200 ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची 200 किमीची राइड, करायचीये, साडेतेरा तासांची लिमिट असते, तेवढा वेळ बसता आलं पाहिजे. मापं घेतली, फिटिंग केलं, ड्रॉइंगची पीडीएफ आली, मी त्यावर ओके लिहून दिलं. पूर्ण सायकल 1,45,000, त्यातले फ्रेम, फोर्क आणि पेंटचे 70,000. अर्धे ॲडव्हान्स, अर्धे पाठवायच्या आधी.

आलं ते असं: ड्रॉइंगवर इफेक्टिव्ह टॉप ट्यूब (सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) 500 एमएम, प्रत्यक्षात 518. ठरलं होतं 42 एमएमचा टायर मडगार्डसकट बसेल, इथे 38 चाच डाव्या चेनस्टेला (मागच्या चाकाच्या बाजूची नळी) घासतोय. आणि उतारावर हँडलवरची पकड जरा सैल केली की सायकल डावीकडे जाते, आपल्या इथे कसारा घाट कसा आहे ते सांगायला नको. बिल्डरचं उत्तर: "पाठवून द्या, सरळ करून देतो, कुरिअर तुमचं, कस्टमला रिफंड नसतो." बिलावरही तसंच छापलंय. माझं म्हणणं एवढंच की फ्रेमचे 70,000 परत करा आणि फ्रेम घेऊन जा, पार्ट्स मी ठेवते. हे चूक आहे का?

भोसरी_फॅब्रिकेटर
ताई राग समजू शकतो पण दुसरी बाजू पण ऐका. मी सायकल बनवत नाही पण टिग वेल्डिंग रोजचं काम आहे. पातळ भिंतीच्या क्रोमोली स्टीलच्या ट्यूबला हीट लागली की ती ओढतेच, कोणाच्याही हातून ओढते. म्हणून तर वेल्डिंग झाल्यावर फ्रेम टेबलवर घेऊन थंडच वाकवून सरळ करतात, स्टील असल्यामुळे ते चालतं, ॲल्युमिनियमला असं करता येत नाही. तेव्हा तो "सरळ करून देतो" म्हणतोय ती पळवाट नाहीये, तेच बरोबर काम आहे. टायर घासतोय तो पण त्यामुळेच असेल, मागचा भाग मधोमध आला की जागा होईल. आणि आधी चाकाचा डिश गेज लावून बघा, रिमच हबच्या मधोमध नसेल तर फ्रेमला बोल लावून काय उपयोग.

रिफंडचं म्हणाल तर एकट्या माणसाचं वर्कशॉप, 4 फूट 11 च्या मापाची फ्रेम तो दुसऱ्या कोणाला विकणार? ट्यूबा कापल्या गेल्या, पेंट झाला, त्याचे दिवस गेले. ब्लाउज शिवून झाल्यावर शिंप्याकडे कापडाचे पैसे मागतो का आपण, उसवून दे म्हणतो. आधी दुरुस्तीची संधी द्यायलाच पाहिजे.

नाशिक_पेडल
दादा, डिश चेक केला, चाक बरोबर आहे. दोरा पण लावला, डाव्या ड्रॉपआउटपासून (मागचं चाक बसतं ती खाच) पुढच्या हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत, मग सीट ट्यूबपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे मोजलं, 6 एमएमचा फरक. टायरच्या उजव्या बाजूला फक्त 3 एमएम जागा आहे, म्हणजे चाक अगदी मधोमध आणलं तरी 38 च्या दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड एमएम उरेल, 42 आणि मडगार्डचा तर प्रश्नच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, टॉप ट्यूब 18 एमएम लांब आहे ती वाकवून कशी कमी होणार? ती कापूनच काढावी लागेल. ओळंबा लावून मोजलंय, लेव्हल ठेवून आडवं, सेंटर टू सेंटर. माझी सगळी कस्टम करायची गरजच त्या एका मापासाठी होती.

घाटवेडा_सातारा
मी या बाबतीत बिल्डरच्या बाजूने आहे. माझ्या कस्टम फ्रेमचा पण मागचा त्रिकोण थोडा बाहेर होता, परत पाठवली, सरळ होऊन आली, तेव्हापासून पसरणी घाटात, खंबाटकीत कुठेच त्रास नाही. आपल्याकडे हाताने फ्रेम बनवणारे मोजके लोक आहेत, पहिल्याच चुकीला पैसे परत आणि वर ग्राहक मंच असं सुरू झालं तर उद्या कोणीच ऑर्डर घेणार नाही, मग बसा सगळे तैवानच्या फ्रेमवर. 18 एमएमचं म्हणाल तर स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, 20 एमएमने छोटा लावा, हाताला अंतर तेवढंच येईल.

वसई_राइड्स
घाटवेडा, तुमच्या फ्रेममध्ये अलाइनमेंटचा दोष होता, माप बरोबर होतं, म्हणून दुरुस्ती पुरली. इथे मापच चुकलंय. आणि स्टेम छोटा लावा हा सल्ला आम्हाला प्रत्येक दुकानात मिळालेला आहे, तीच तडजोड नको म्हणून तर माणूस कस्टमकडे जातो ना. 1,45,000 देऊन परत तिथेच यायचं? छोटे बिल्डर जगले पाहिजेत हे मलाही मनापासून वाटतं पण ते एका ग्राहकाच्या खिशातून का जगवायचे, तिने पण ते पैसे कुठूनतरी साठवलेच आहेत.

नाशिक_पेडल
स्टेमचं सांगते. ड्रॉइंगमध्ये आधीच 70 चा स्टेम धरलाय, 50 लावला की हँडलिंग बदलतं, त्याच ड्रॉइंगवर बिल्डरने स्वतः लिहिलंय की या जिऑमेट्रीला 60 च्या खाली जाऊ नका.

ॲडव्होकेट_कोल्हापूर
इथे दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र होतायत, म्हणून जरा लांब लिहितो. कस्टम वस्तू आवडली नाही म्हणून परत, हा हक्क नाही, त्यात बिल्डरचं बरोबर आहे. रंग डोक्यात होता तसा दिसत नाही, चालवताना मजा येत नाही, यावर रिफंड मागता येणार नाही. पण ठरल्याप्रमाणे बनली नाही हा दोष आहे आणि दोषाला कस्टम-बिस्टम काही लागू नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दोषाच्या व्याख्येतच आहे की करारानुसार, मग तो स्पष्ट असो की गृहीत, जो दर्जा असायला हवा त्यातली उणीव म्हणजे दोष. तुमची ओके केलेली पीडीएफ हाच करार. शिवाय वस्तू विक्री कायदा 1930 चं कलम 16 आहे, ग्राहकाने कशासाठी हवंय ते सांगितलं आणि विकणाऱ्याच्या कौशल्यावर विसंबून घेतलं तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. तुम्ही ब्रेव्हेचं पहिल्या फोनवर सांगितलंत, ते कुठे मेसेजमध्ये लिहिलेलं असेल तर शोधून ठेवा.

"हे विकणं नाही, काम करून देणं आहे" असाही बचाव येईल, त्याने फरक पडत नाही, 2019 च्या कायद्यात वस्तू आणि सेवा दोन्ही येतात. बिलावर छापलेली ओळ दोष झाकू शकत नाही. उलट सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. बिल्डर दुसऱ्या राज्यात आहे म्हणून घाबरू नका, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकलाच. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील पण सक्तीचा नाही. मुदत 2 वर्षं.

भोसरी_फॅब्रिकेटर
साहेब कायदा बरोबर असेल पण आयोगात निकाल लागेपर्यंत किती काळ जातो ते पण सांगा ना. आणि 70,000 रुपये एकट्या कारागिराकडे पडून नसतात, ते कधीच ट्यूबा आणि पार्ट्समध्ये गेलेले असतात.

ॲडव्होकेट_कोल्हापूर
वेळ लागतो, खरंय. कायद्यात तपासणी लागत नसेल तर 3 महिने आणि लागत असेल तर 5 महिने लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त जातो. म्हणून मी पहिल्याच दिवशी तक्रार टाका म्हणत नाही. आधी लेखी नोटीस, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे फुकटात समोरच्याशी बोलणं होतं, त्यानंतर आयोग. आयोगातही दोघं तयार असतील तर मध्यस्थीकडे पाठवतात. आणि आयोग काय काय देऊ शकतो तेही बघा: दोष काढून देणे, नवीन वस्तू देणे, पैसे परत, नुकसान भरपाई. म्हणजे रिफंडच मिळेल असं नाही, नवीन फ्रेम बनवून द्या असाही आदेश होऊ शकतो.

लेस्टरहून
मी इंग्लंडमध्ये असतो म्हणून तुलना सांगतो. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येते, पण मापाने बनवलेल्या वस्तूला ते लागू नाही, म्हणजे मन बदललं म्हणून परत नाही. पण 2015 च्या ग्राहक कायद्यानुसार सदोष निघाली तर 30 दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, कस्टम असली तरी. 30 दिवस गेले की आधी एकदा दुरुस्तीची किंवा बदलून द्यायची संधी द्यावी लागते. मला ही वाटणी पटते, कारण बिल्डरला पण माहीत असतं की पेटी उघडल्यावर ग्राहकाने ताबडतोब मोजायचंय आणि सांगायचंय. ताई, तुम्ही किती चालवलीय त्यावर पण बरंच अवलंबून आहे, रोज चालवत राहून रिफंड मागितला तर मी पण बिल्डरचीच बाजू घेईन.

ॲडव्होकेट_कोल्हापूर
हे महत्त्वाचं बोललात. आपल्याकडेही 1930 च्या कायद्यात आहे, वाजवी मुदत उलटली तरी नाकारतोय असं न कळवता वस्तू ठेवून घेतली की ती स्वीकारली असं धरतात. तेव्हा ताई सायकल उभी करून ठेवा. आणि ओळखीच्या मेकॅनिककडून "जरा सरळ करून घेऊ" म्हणून हात लावू देऊ नका, पुरावा जातो आणि समोरचा म्हणेल की तुमच्याच माणसाने वाकवली.

घाटवेडा_सातारा
ठीक आहे, टॉप ट्यूबचं मान्य, तिथे सरळ करून भागणार नाही. तरी मी रिफंड म्हणणार नाही, त्याने त्याच्या खर्चाने नवीन फ्रेम बनवून द्यावी, पार्ट्स तुमच्याकडे आहेतच. त्याचा अनुभव वाढेल, तुम्हाला मापाची सायकल मिळेल. तुम्हाला 70,000 परत मिळाले तरी तुमच्या उंचीची फ्रेम बाजारात नाहीच, परत दुसऱ्या बिल्डरच्या रांगेत उभं राहणार.

वसई_राइड्स
पण ज्याने सही केलेल्या ड्रॉइंगपेक्षा 18 एमएम लांब ट्यूब कापली, जोडली, पेंट केली आणि पाठवायच्या आधी एकदा टेप लावून बघितलं नाही त्याच्यावर दुसऱ्यांदा विश्वास का ठेवायचा? वेल्डिंगने फ्रेम ओढली हे मी समजून घेईन. ट्यूब चुकीची कापणं हीटमुळे होत नाही. आणि डावीकडे ओढणारी सायकल त्याने स्वतः एक चक्कर मारली असती तरी कळली असती.

भोसरी_फॅब्रिकेटर
ट्यूब चुकीची कापली त्याला काही उत्तर नाही माझ्याकडे, ती हीटवर ढकलता येत नाही. पण 70,000 एकदम मागाल तर तो फोन उचलणं बंद करेल, माणसं अशीच वागतात, मी बघितलंय. हप्त्याने मागा. आणि कुरिअर त्याच्या माथी मारा, ते तुम्ही भरायचा काही संबंध नाही.

नाशिक_पेडल
सगळ्यांचं वाचलं. घाटवेडा, नवीन फ्रेमचा विचार मी पण केला पण मला आता त्याच्या हातची फ्रेम घेऊन कसाऱ्याच्या उतारावर जायची हिंमत नाही, मागचा त्रिकोण एवढा बाहेर ठेवून ज्याने पॅक केली त्याच्या जोडांबद्दल पण शंका येते, ही शंका चूक असेल तरी ती मनातून जात नाहीये. त्यामुळे मागणी फ्रेम, फोर्क, पेंटचे 70,000 हीच. दोन हप्ते चालतील, पहिला फ्रेम उचलायच्या आधी, कुरिअर त्याचं. आज ई-मेल पाठवते, सोबत ओके केलेली पीडीएफ, दोऱ्याच्या मापाचे आणि टेप लावलेले फोटो, टायर घासतानाचा व्हिडिओ. उत्तराला 15 दिवस. नाही आलं तर 1915.

ॲडव्होकेट दादा, एकच विचारायचंय, व्हॉट्सॲपवरचं त्याचं "सरळ करून देतो" हे जोडू का? म्हणजे दोष त्याने मान्य केला असं होतं का?

ॲडव्होकेट_कोल्हापूर
जोडा. त्यातून सायकल वाकडी आहे हे त्याला माहीत होतं एवढं नक्की दिसतं. पण सुटा स्क्रीनशॉट नको, मागचंपुढचं पूर्ण संभाषण तारखेसकट एक्सपोर्ट करा आणि फोन बदलू नका. ई-मेल पाठवलीत तरी तोच मजकूर स्पीड पोस्टने पण पाठवा, बिलावर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर, पावती जपून ठेवा.