मदत हवी आहे: शेवेच्या पाकिटावरचे ८% सोडियम नक्की कशाचे?

आई ६८ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी बीपी वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलं. भाजी-आमटीतलं मीठ मी कमी केलं. अडलंय ते चारच्या चहाबरोबरच्या शेवेपाशी.

काल आईनं चष्मा लावून पाकीट वाचलं आणि म्हणाली, "बघ, आठच टक्के लिहिलंय. थोडी खाल्ली तर काय होतंय?" मला उत्तर देता येईना. पाकिटावर १०० ग्रॅमला सोडियम ८०० मिलिग्रॅम, सर्व्हिंग २० ग्रॅम आणि शेवटच्या 'आरडीए'च्या रकान्यात ८% असं छापलंय. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास, मग हे ८ आले कुठून? प्रोटीनसमोर तर टक्का छापलेलाच नाही. कुणी नीट समजावून सांगाल का?

प्रतिसाद १
ताई, 'आरडीए' म्हणजे दिवसाला शिफारस केलेलं प्रमाण. ते ८% आईंच्या दिवसभराच्या वाट्यातले आहेत. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२०च्या लेबलिंग नियमांत दिवसाचे आकडे ठरवून दिलेत: २००० किलोकॅलरी, फॅट ६७ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. त्या यादीत प्रोटीन नाही, म्हणून तो रकाना रिकामा. २० ग्रॅम शेवेत सोडियम १६० मिलिग्रॅम, म्हणजे २०००चे ८ टक्के. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. २००० मिलिग्रॅमचं ५ ग्रॅम, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

पण सर्व्हिंग किती ग्रॅमचं ते कंपनी ठरवते. २० ग्रॅम शेव जेमतेम मूठभर होते. आईंची वाटी एकदा काट्यावर ठेवून बघा. आणि दोन पाकिटांत निवड करायची असेल तर टक्के सोडून १०० ग्रॅमचाच रकाना बघत जा.

धागाकर्ती
मनापासून आभार. आज आईलाच वाटी भरायला सांगितली. वाटीचं वजन वजा करून शेव भरली ५० ग्रॅम. म्हणजे सोडियम ४०० मिलिग्रॅम, २० टक्के. एक ग्रॅम मीठ नुसत्या शेवेतून. आकडा ऐकून तिनं काही न बोलता अर्धीअधिक शेव परत डब्यात ओतली.

आता लोणच्याचं सांगा. ते घरचं, त्याला लेबल कुठलं? किलोभर कैरीला मी २०० ग्रॅम मीठ घालते. आई जेवताना दोन फोडी घेते, त्यातलं मीठ किती धरायचं?