टॉवेल कारखान्यातील रंगाईचा क्रम: गणिती मांडणी बारा लॉटवर अडते

ताणाबाणा (प्रश्न):
नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडवरील एका टेरी टॉवेल कारखान्यात मी उत्पादनाचे नियोजन पाहतो. आमच्याकडे सूत आधी रंगते, मग ताण्याचे बीम भरून मागावर चढते. माग पुरेसे आहेत, परंतु डाईंग मशीन एकच असल्यामुळे सगळा कारखाना त्याच्याच तोंडाकडे पाहत असतो. आठवड्याला बारा लॉट (एका वेळी एकत्र रंगवायच्या सुताच्या खेपा) असतात: सहा फिके, प्रत्येकी 6 तासांचे, आणि सहा गडद, प्रत्येकी 9 तासांचे. दोन लॉटच्या मध्ये एरवी 15 मिनिटे पुरतात, पण मरूनसारख्या गडद शेडनंतर फिकी शेड घ्यायची तर मशीनच्या धुलाईला 3 तास जातात. दोन पाळ्यांचे सहा दिवस, म्हणजे हाताशी 96 तास. धुलाईत कमीत कमी वेळ जाईल असा लॉटचा क्रम शोधण्यासाठी मी पायथॉनमध्ये पूर्णांक मांडणी (ज्यात चलांच्या किमती पूर्णांकच असतात असे गणित) लिहून मोफत सॉल्व्हरला, म्हणजे असे गणित सोडवणाऱ्या प्रणालीला, दिली. आठ लॉट झटकन सुटतात, बारा दिले की तासाभरानेही उत्तर येत नाही. चूक कोठे होत असावी?

पूर्णांक:
आपण बहुधा प्रत्येक जोडीसाठी ‘हा आधी की तो’ असे शून्य-एक चल घेऊन त्याला एक अवाढव्य स्थिरांक जोडला असावा. अंदाज घेण्यासाठी सॉल्व्हर पूर्णांकाची अट सैल करतो, तेव्हा अशी बंधने जवळजवळ निकामी होतात आणि त्याला फांद्या, म्हणजे निरुपयोगी पर्याय, छाटायला आधार उरत नाही. बारा लॉटचे क्रम 47,90,01,600 होतात, हे खरे. परंतु हेल्ड आणि कार्प यांनी 1962 मध्ये फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नासाठी (सगळी गावे एकेकदा घेणारा सर्वांत लहान मार्ग शोधण्यासाठी) मांडलेली रीत येथे जशीच्या तशी लागू पडते. ‘कोणते लॉट झाले आणि शेवटचा कोणता’ एवढेच नोंदवत गेल्यास जास्तीत जास्त 12 × 4096, म्हणजे 49,152 नोंदी पुरतात. साधा लॅपटॉपही हे क्षणात करील.

मागावरचा:
वरील उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो. धुलाईचा एकूण वेळ कमी करणे एवढाच हेतू असेल तर ती रीत अचूक आहे. मात्र माल पोहोचवण्याच्या तारखा आल्या की तेच लॉट वेगळ्या क्रमाने घेतल्यास घड्याळात वेगळी वेळ झालेली असते, म्हणून प्रत्येक नोंदीत वेळ आणि उशीर असे दोन आकडे ठेवून सरस पर्याय तेवढे राखावे लागतात. ते किचकट वाटल्यास ओआर-टूल्स या गूगलच्या मोफत संचातील सीपी-सॅट हा सॉल्व्हर वापरावा. त्यात क्रमाचे बंधन थेट लिहिता येते, अवाढव्य स्थिरांक लागत नाही.

पण सॉल्व्हरच्या आधी कागदावर हिशेब करून पाहावा. निव्वळ रंगाई 90 तासांची आहे. गेल्या आठवड्याचा शेवट गडद शेडने झाला असे धरू. फिक्याकडून गडदकडे एकच फेरी केली तर एक मोठी धुलाई आणि अकरा छोटे बदल, म्हणजे 5 तास 45 मिनिटे. एकूण 95 तास 45 मिनिटे, जेमतेम बसते. दोन फेऱ्या केल्या तर 98 तास 30 मिनिटे. तेव्हा एखादी मरूनची ऑर्डर मंगळवारीच हवी असेल, तर तिची किंमत अडीच तासांचा ओव्हरटाइम आहे, हे मालकांना आकड्यात दाखवता येते. माझ्या मते या गणिताचा खरा उपयोग तोच. ‘सर्वोत्तम क्रम’ छापून भिंतीवर लावण्यात नाही. शिवाय एका फेरीतही 15 मिनिटेच शिल्लक राहतात, आणि एखादी शेड नमुन्याशी जुळली नाही की तो लॉट पुन्हा रंगवावा लागतो, हे आपण जाणताच.

ताणाबाणा:
दोघांचेही आभार. गेल्या आठवड्याची वही काढून पाहिली: मोठ्या धुलाया चार झाल्या होत्या, म्हणजे 104 तास. जादा आठ तास कोठून आले ते आता कळले. एक अडचण मात्र माझ्याच आकड्यांत निघाली. बारा लॉटच्या परस्पर बदलांच्या 132 वेळा भरायच्या म्हणून आमच्या रंगारीमामांकडे बसलो, तर त्यांनी फिके-गडद ही विभागणीच मोडीत काढली. गडद निळ्यानंतर फिका निळा आला तर ते 3 तास धुवत नाहीत, तासाभरात भागवतात. गडद लालनंतर मात्र पिस्ता आला तर 3 तासही कमी पडतात. म्हणून आता शेडचे निळा, लाल, पिवळट असे गट पाडून, प्रत्येकात फिका आणि गडद धरून, सहा गुणिले सहाचा तक्ता त्यांच्याकडूनच भरून घेत आहे. तो झाला की सीपी-सॅटला देऊन पाहतो.