‘पक्ष्यांसाठी वर्षाला किती द्याल?’ हा काय प्रश्न झाला?

कोरडवाहू: काल ‘पाणवठा’ यांनी लिहिलं की पैठणच्या आसपास घरोघरी ‘नाथसागरचे पक्षी टिकावेत म्हणून वर्षाला किती रुपये द्याल’ असं विचारा, सरासरी काढा, कुटुंबांच्या संख्येनं गुणा, झालं जैवविविधतेचं मूल्य. वाचून डोकं उठलं. आकडा मोकळा ठेवला की लोक ५०, १००, ५०० असे गोल आकडे फेकतात. शिवाय अमेरिकेत याच पद्धतीनं लोकांना विचारलं होतं: तेलाच्या उघड्या तळ्यांत मरणारे २,००० पक्षी वाचवायला किती द्याल? दुसऱ्या गटाला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. उत्तरं आली सरासरी ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट, पैसे जिथल्या तिथं. हे मूल्य नव्हे, पुण्य घ्यायची वर्गणी आहे.

पाणवठा: अर्धीच गोष्ट सांगताय. त्या अभ्यासाला पैसा एक्सॉन या तेल कंपनीचा होता, तिच्याच ‘व्हाल्डेझ’ जहाजाच्या तेलगळतीचा दावा डोक्यावर असताना. मॉलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले. आणि तिन्ही गटांना सांगितलं होतं की हे पक्षी एकूण संख्येच्या एक टक्क्याहून खूप कमी, एक टक्क्याहून कमी, साधारण दोन टक्के. ऐकणाऱ्याला तिन्ही ‘थोडेसेच’ वाटणार. १९९३ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरो-सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं काय करायचं ते सांगून ठेवलंय: समोरासमोर बसा, एकच रक्कम सांगून हो की नाही विचारा, ‘हे पैसे घरखर्चातूनच जाणार’ याची आठवण करून द्या. त्यावर माझी पद्धत अशी: मोकळा प्रश्न फक्त चाचणीत, चाळीसेक घरांत. त्यातून पाच रकमा काढायच्या आणि प्रत्येक घराला चिठ्ठीनं त्यातली एकच द्यायची. वसुली घरपट्टीतून म्हणायची. ‘निधी’ म्हटलं की कोणीही हो म्हणतं.

बालाघाटी: पाच रकमा काढाल हो, पण विचारणार कोणाला? पाटोदा, आष्टी, धारूरकडं दिवाळीनंतर जा. कोयता उचलून माणसं ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, घरी म्हातारी आणि शाळकरी पोरं. विद्यार्थ्यांना सुट्टी मिळते तेव्हाच तुमचा सर्व्हे. सप्टेंबरात गेलात तर सोयाबीन उभं, हातात दमडी नाही. काढणीनंतर गेलात तर तोच माणूस दुप्पट सांगेल. वर कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषालाच विचारायचं. सरपण, रानभाज्या, डिंक कोण आणतं?

पाणवठा: म्हणून रुपयांऐवजी श्रमदानाचे दिवस विचारता येतात.

बालाघाटी: आणि ते दिवस रुपयांत कोणत्या दरानं मोजणार? रोहयोच्या, की सोयाबीन काढणीच्या गुत्त्याच्या, म्हणजे उक्त्या कामाच्या? अहवालात एकच दर असतो आणि तो नेमका सोयीचा निघतो. जैवविविधता नोंदवह्यांचं, म्हणजे गावोगावच्या झाडं-प्राण्यांच्या याद्यांचं, तेच झालं. हरित लवादाची जानेवारी २०२० ची मुदत गाठायला कितीतरी गावांच्या याद्या शेजारच्या गावावरून उतरवल्या.

कोरडवाहू: नोंदवह्या राहू द्या. मूळ खोट वेगळीच आहे. ज्याचा हरभरा रोह्यांनी (नीलगायींनी) एका रात्रीत खाल्ला त्याला ‘किती द्याल’ विचारता? तो म्हणतो, एक रुपया देत नाही, उलट मलाच द्या. तुम्ही त्याला ‘निषेधाचं शून्य’ म्हणून गणितातून काढून टाकता. राहिलेल्यांची सरासरी चढते. वा रे शास्त्र! ‘किती घ्याल’ विचारलं तर आकडा कितीतरी पट होईल, म्हणून तो प्रश्नच नको.

पाणवठा: ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं हे त्यासाठीच असतं. ‘परवडत नाही’ हे खरं शून्य, ‘सरकारनं द्यावं’ हा निषेध. रोह्यांवाला या दोन्हींत बसत नाही, त्याच्यासाठी उणे रकमेचा रकाना लागतो. बहुतेक फॉर्मांत तो नसतो, हे मान्य.

कोरडवाहू: पेढे वाटू का?

मोसंबीवाला: रोह्यांचा विषय निघालाच आहे तर, झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत बॅटरीवर हलका झटका सोडणारं यंत्र, लावलं की प्रश्न मिटतो. भरपाईसाठी पंचनाम्याची वाट कशाला बघायची?

बालाघाटी: मिटतो म्हणे! खालची तार जमिनीपासून वीतभर ठेवली नाही तर रानडुक्कर खालून घुसतं, आणि रोही चार फुटांची तार सहज उडी मारून ओलांडतो. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत जातो, बॅटरी उतरते. उन्हाळ्यात अर्थिंगचा रॉड कोरड्या मुरमात असेल तर झटका बसतच नाही. भोवती पाणी ओतत राहावं लागतं. मग वैतागून कोणी थेट घरची लाईन तारेत सोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात रोह्यांआधी रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस मरतो.

मोसंबीवाला: वरची तार साडेपाच फुटांवर घ्या, मध्ये आणखी तीन तारा. खर्च होतो, पण चालतं.

पाणवठा: हा धागा जैवविविधतेच्या मूल्याचा होता.

कोरडवाहू: त्याचंच चाललंय. तार, खांब, बॅटरी, गवत काढायची मजुरी आणि रात्रीची जागल, यांची बेरीज करा. रोही शिवारात राहू द्यायला शेतकरी दर हंगामात देतो ती रक्कम ही. पावत्या आहेत, काल्पनिक प्रश्न नको.

पाणवठा: ही रक्कम तो रोही हाकलायला देतो, ठेवायला नाही. चिन्ह उलटं झालं तुमचं.

बालाघाटी: मग तुमच्या उण्याच्या रकान्यात टाका की. आणि मोसंबीवाले, साडेपाच फुटांच्या तारेला खांब किती अंतरावर? फार लांब गेले की तार झोळते.