बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

२०२ काका: ३०२, आज पुन्हा पावणेतीनला सुरू. हिची दुपारची झोप, गोळ्या, सगळं तुम्हाला माहीत आहे. वरून नुसतं ठक... ठक... आणि महिनाभर तेच आठ-दहा सूर!

४०१ वहिनी: काका, झायलोफोन आहे तो. छान वाजवते ताई.

१०३: दुपारी २ ते ४ काहीही वाजवायचं नाही. मीटिंगमध्ये ठरलंय.

५०२: ते ड्रिल मशीनचं ठरलं होतं.

१०३: २ ते ४ काहीही नाही. मिनिट्स वाचा.

३०२ ताई: काका, काकूंची झोप मोडली, मनापासून माफ करा 🙏 वहिनी, झायलोफोन लाकडी पट्ट्यांचा. हा व्हायब्राफोन. ॲल्युमिनियमच्या ३७ पट्ट्या, ३ सप्तकं. पायाशी पेडल, दाबलं की सूर घुमत राहतो, सोडलं की थांबतो. तेच सूर ऐकू येतात कारण एका जॅझच्या धूनची सोलो अरेंजमेंट बसवतेय. सोबतीला बास नाही, पियानो नाही. दोन हातांत मिळून चारच काठ्या. वरच्या काठीला चाल, उरलेल्या तिघींत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. सगळे सूर मावत नाहीत. म्हणून बहुतेक ठिकाणी कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर ठेवते, ज्यावर कॉर्ड उभी तो मूळ सूर सोडते. पण कधी मूळ सूर सोडला की कॉर्ड ओळखूच येत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या ८ बारला (बार म्हणजे मात्रांचा एक गट) पाच आठवडे गेले.

२०२ काका: ते सगळं ठीक. ठक ठक कसली ते सांगा.

४०१ वहिनी: गणपतीआधी दोन महिने गच्चीवर ढोलाचा सराव चालायचा, तेव्हा कोणी नाही विचारलं कसली ठक ठक.

२०२ काका: वहिनी, ढोल वर्षातून एकदा असतो. माझ्या नातवाला मध्ये आणू नका.

५०२: ढोलाला २ ते ४ सुट्टी होती का? 😀

१०३: माझा मुद्दा तोच आहे. २ ते ४.

सेक्रेटरी: ढोलाचा विषय मागेच संपलाय. काल रात्री वरची टाकी वाहत होती. कॉक कोणी उघडा ठेवला?

६०१ आजोबा: १९७८ च्या जॅझ यात्रा महोत्सवाला मी मुंबईत होतो. मुलीला वाजवू द्या. ताई, व्हायब्राफोनवाले मिल्ट जॅक्सन ऐकता ना? त्यांच्या वाद्याची मोटर हळू फिरायची, सूर गाणाऱ्याच्या गळ्यासारखा हलायचा.

३०२ ताई: रोज ऐकते, आजोबा. पण मी मोटर बंदच ठेवते, दुसरे व्हायब्राफोनवाले गॅरी बर्टन ठेवायचे तशी. चार काठ्या धरायची पकडही त्यांचीच शिकतेय.

३०२ ताई: काका, आत्ता जमिनीला कान लावून पाहिलं. तुमचं बरोबर आहे, ठक पेडलची आहे. फरशीतून थेट तुमच्या छताला जाते. माझा पाय जास्त हलतो, कारण डॅम्पनिंग नीट येत नाही. म्हणजे पेडल दाबूनच ठेवायचं, नवा सूर वाजवतानाच नको असलेला जुना सूर काठीच्या डोक्याने अलगद दाबून थांबवायचा. ते जमेना की मी प्रत्येक कॉर्डला पेडल सोडते. आजच खाली रबरी मॅट आणि सतरंजी घालते. वेळ संध्याकाळी ५ ते ६:३०, चालेल?

२०२ काका: चालेल. ५ ला आम्ही दोघं फिरायला जातो.

१०३: म्हणजे २ ते ४ बंद. मी हेच म्हणत होतो.

सेक्रेटरी: टाकीचं कोणी बोलत नाहीये.

४०१ वहिनी: आमच्याकडे बघू नका. चावी १०३ कडे असते.

१०३: चावी सगळ्यांना मिळते. रजिस्टर बघा.

(चार दिवसांनी)

२०२ काका: ३०२, ठक गेली. आभार. काल पाऊस होता म्हणून घरीच होतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक सूर मागे रेंगाळतो आणि पुढच्यात मिसळतो. तो दाबायचा राहतोय का?

३०२ ताई: हो काका. डाव्या हाताची आतली काठी उशिरा पोचते. तोच अडलाय.