मदत हवी आहे: राजगडाच्या व्हिडिओचा व्हॉइसओव्हर आणि छोट्या क्लिप

नमस्कार मंडळी,

राजगडावरचा 40 मिनिटांचा व्हिडिओ एडिट करतोय. गडावर वारा फार होता, म्हणून निवेदन घरीच रेकॉर्ड करायचं ठरवलं. कॉलर माइक आहे, पण खोलीत फरशी आणि मोकळ्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. समोर गोधडी टांगली की घुमणं बरंच कमी होतं. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणं) जरा वाढवलं की मात्र आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. 'फ', 'भ' आले की माइकवर हवा आदळते ती वेगळीच. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला ठेवून फरक पडला. यापुढे काय करावं? कमी खर्चातला उपाय असेल तर फार बरं.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय: याच व्हिडिओतून छोट्या क्लिप कशा काढायच्या? यूट्यूब शॉर्ट्स आता 3 मिनिटांपर्यंत चालतात, पण उभ्या 9:16 चौकटीत आडव्या दृश्याच्या रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. संजीवनी माचीची लांबच लांब दुहेरी तटबंदी त्यात बसवायची कशी? वर-खाली काळ्या पट्ट्या मला अजिबात आवडत नाहीत. चौकट हळूहळू सरकवली तर बघणाऱ्याला गरगरेल का?

शिवाय मूळ निवेदनात 'मगाशी पाहिलेला पाली दरवाजा' अशी वाक्यं आहेत, ती क्लिपमध्ये अधांतरी वाटतात. तुम्ही क्लिपसाठी निवेदन नव्याने रेकॉर्ड करता, की लिहितानाच प्रत्येक भाग सुटा ठेवता? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.