मदत हवी आहे: ढोलकीच्या शेजारी बसेल असा मेपल लाकडाचा स्नेअर ड्रम

गोदाकाठचा ड्रमर:

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये एका हौशी ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवतो. जुनी हिंदी गाणी, मराठी भावगीतं, चित्रपटगीतं आणि मध्यंतरानंतर हमखास लावण्या. आज माझ्याकडे किटसोबत आलेला १४ बाय ५.५ इंचांचा स्टीलचा स्नेअर (खालून तारा लावलेला ड्रम) आहे. हिंदी गाण्यांना तो चालून जातो. लावणी सुरू झाली की मात्र माझा बॅकबीट (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा ठोका) आणि ढोलकीची चाट (कडेवरचा खणखणीत बोल) एकाच जागी येऊन आदळतात. ढोलकीवाले काका वयानेही मोठे आणि हातानेही. भांडत नाहीत, तालमीत फक्त एवढंच म्हणतात, "तुझा तो पत्रा जरा आवर." हळू वाजवलं तर गाण्याचा दम जातो. हेडवर (ड्रमच्या पडद्यावर) जेलचे तुकडे आणि टेप लावून पाहिली, तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज.

म्हणून एकदाच नीट पैसे घालून मेपलचा एक स्नेअर घ्यायचा आणि पुढची बरीच वर्षं तोच वापरायचा, असं ठरवलंय. बजेट ३५ ते ४० हजार. थोडं वर गेलं तर घरी बोलणी करावी लागतील.

५.५ इंच खोलीचा घ्यावा की ६.५? डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या) रिमला, म्हणजे हेड दाबून धरणाऱ्या कडीला, जास्त पैसे देण्यात अर्थ आहे का? आणि तुमचा स्वतःचा आवडता मेपल स्नेअर कोणता, आणि का? 'का' जरूर लिहा, कारण नुसती मॉडेलची नावं नेटवर ढिगाने मिळतात.

सातपूरकर:

मेपलच्या मागे कशाला लागता? ल्युडविगचा सुप्राफोनिक घ्या, विषय संपला. जगातली निम्मी रेकॉर्डिंग त्याच्यावर झाली असतील.

गोदाकाठचा ड्रमर:

भाऊ, सुप्राफोनिक भारीच, पण ते ॲल्युमिनियमचं शेल (ड्रमचं गोल अंग). माझी अडचणच धातूच्या झणकाराची आहे. शिवाय बजेट परत एकदा वाचा :)

फ्लॅम:

तुमची अडचण आवाजाच्या मोठेपणाची नाही, सुराची आहे. ढोलकी गाण्याच्या सुरात लावलेली असते. स्टीलच्या स्नेअरमध्ये ठोक्यानंतर जो 'टींऽऽ' मागे रेंगाळतो, त्यालाही स्वतःचा सूर असतो आणि तो ढोलकीच्या सुराशी जुळेलच असं नाही. जुळला नाही की दोन्ही वाद्यं बेसूर वाटायला लागतात, आणि ऐकणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही. मेपलमध्ये हा झणकार कमी असतो, लवकर विरतो आणि खालचा भरीवपणा जास्त मिळतो. म्हणून तुमची दिशा बरोबर आहे.

पण मेपल म्हटलं की एकच आवाज, असं समजू नका. पातळ शेलचा मूळ सूर खाली असतो आणि शेल स्वतःही जास्त गुंजतं. जाड, दहा-दहा थरांच्या शेलचा सूर वर जातो आणि ठोका टोकदार होतो. शेलच्या कडेचाही मोठा हात आहे. ४५ अंशांची धारदार कड असेल तर आवाज मोकळा आणि लांब. कड गोलसर असेल तर हेड लाकडावर जास्त टेकतं आणि आवाज जाडसर, आखूड येतो. ढोलकीशेजारी मी डोळे झाकून दुसरा प्रकार घेईन.

डाय-कास्ट रिमबद्दल: भावगीतात क्रॉस-स्टिक (काठी आडवी धरून रिमवर मारलेला ठोका) भरपूर वाजवत असाल तर पैसे वसूल. ठोका ठसठशीत येतो आणि झणकार आणखी आवरला जातो. नाहीतर २.३ मिमीची साधी ट्रिपल-फ्लँज (पत्रा वाकवून केलेली) रिम उत्तम. काही स्वस्त स्नेअरना १.६ मिमीची असते, तिला हात लावून बघा, फरक कळतो.

तिहाई:

माझा आवडता स्नेअर माझ्या मालकीचा नाही, हे आधीच सांगतो. स्लिंगरलँड रेडिओ किंग. १९३० च्या दशकातलं डिझाइन, जॅझ ड्रमर जीन क्रुपा वाजवायचा तो. त्याचं शेल थर चिकटवून केलेलं नाही. मेपलची अखंड फळी वाफेवर मऊ करून गोल वाकवलेली, आणि ती गोलच राहावी म्हणून आतून वर-खाली मेपलच्याच कड्या. जुना पीस एकदा वाजवायला मिळाला होता. हलक्या हाताने वाजवला तरी आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता, आणि शेजारी उभं राहून बोलणाऱ्याचं बोलणंही ऐकू येत होतं. तुम्हाला नेमकं हेच हवंय.

दुसरा ग्रेचचा यूएसए कस्टम. गंमत म्हणजे लोक ज्याला मेपलचा म्हणून ओळखतात त्या शेलमध्ये मेपलसोबत गमवुड या दुसऱ्या लाकडाचेही थर असतात, ३० अंशांची कड आणि डाय-कास्ट रिम. म्हणजे कागदावर 'शंभर टक्के मेपल' लिहिलंय की नाही यापेक्षा शेल कसं घडवलंय ते महत्त्वाचं.

हे दोन्ही तुमच्या बजेटच्या बाहेर. आवाक्यातलं म्हणाल तर पीडीपी कॉन्सेप्ट मेपल आणि पर्ल मॉडर्न युटिलिटी मेपल हे दोन शोधा. पीडीपीचं स्नेअरचं शेल दहा थरांचं, म्हणजे फ्लॅम म्हणतात तसा ठोका टोकदार. पर्ल ऐकून ठरवा. आज भाव काय चाललाय ते दुकानातच विचारा.

विकत घेताना हवेचं भोक बघा. शेलच्या बाजूला पितळी किंवा क्रोमची छोटी रिंग असते, ती निघाली तर तिच्याआड थर दिसतात. हेड काढता आलं तर कडेवर आणखी स्वच्छ दिसतात. वर सुंदर मेपल आणि आत दुसरंच पांढरट लाकूड असेल तर तिथे कळतं. घरी आणल्यावर हेड काढून शेल ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा (आधी ओटा पुसा, घरच्यांना सांगा), खोलीत अंधार करा आणि आत मोबाइलचा टॉर्च लावा. वरची कड अशी तपासा. खालच्या कडेला तारांसाठी दोन ठिकाणी मुद्दाम खोलगट केलेलं असतं, तिथून उजेड येणारच. बाकी कुठे फट दिसली तर परत करा.

गोदाकाठचा ड्रमर:

जबरदस्त. ओट्याची परवानगी मिळेल असं वाटतं. अजून एक शंका: आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट, एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत. गणपतीत तर आमचे सगळ्यात जास्त कार्यक्रम. लाकडी शेलला त्रास होतो का? काकांची ढोलकी पावसात उतरते, हे रोज बघतो.

फ्लॅम:

ढोलकीची पुडी चामड्याची, म्हणून उतरते. तुमचं हेड प्लॅस्टिकच्या फिल्मचं, त्याला दमट हवेचं फारसं काही नाही. शेल थोडं फुगतं-आकसतं, पण थर आडव्या-उभ्या रेषांनी चिकटवलेले असल्यामुळे ते आकार सहसा सोडत नाही. खरी काळजी बंद गाडीतल्या उन्हाची करा. मे महिन्यात काचा लावून दुपारभर गाडी उभी आणि मागे स्नेअर, असं नको. केस पॅडवाली घ्या.

आता ५.५ की ६.५. खोल शेलमध्ये भरीवपणा जास्त, पण खालच्या तारा किंचित उशिरा बोलतात, आणि ठेक्याच्या मधली बारीक घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारा हलका ठोका) थोडी बुडते. लावणीत ढोलकी आधीच इतकं बारीक काम करत असते की तुमच्या घोस्ट नोट कोणी ऐकणार नाही. तिथे दोन आणि चारवर एक जाडसर, खालच्या अंगाचा ठोका पुरतो. माझं मत ६.५. वर कोटेड ॲम्बॅसडर (लेप दिलेलं हेड), मध्यम ताणावर. खाली तीन मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पातळ स्नेअर-साइड हेड, ते मात्र चांगलं ताणलेलं. वरचं हेड फार ताणलंत तर मेपल घेऊनही परत ढोलकीच्याच जागेत जाऊन बसाल.

तिहाई:

६.५ ला माझंही अनुमोदन. फक्त कार्यक्रमात बास गिटारवाल्याचा ॲम्प स्नेअरच्या मागेच ठेवू नका. तारा त्याच्या सुरावर आपोआप झरझरतात, आणि भावगीताच्या शांत जागी ते माइकमधून सगळ्या कालिदास कलामंदिराला ऐकू जातं.

सातपूरकर:

बरं, मेपल तर मेपल. मग मुंबई गाठा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, सीएसएमटीहून धोबी तलावची वाद्यांची दुकानं चालत जाण्यासारखी आहेत. दोन-तीन तास वाजवा आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. स्वतःच्या काठ्या न्या. आणि दुसऱ्याला वाजवायला लावून तुम्ही लांब उभे राहून ऐका. स्टुलावर बसून ऐकू येणारा आवाज प्रेक्षकांना कधीच येत नाही.

गोदाकाठचा ड्रमर:

लांब उभं राहून ऐकायला काकांनाच सोबत नेतो. आत्ताच फोन केला. "येतो की," म्हणाले, "ढोलकी घेऊ का बरोबर?"

सातपूरकर:

घ्या म्हणावं! पण आधी दुकानात फोन करून ६.५ चा मेपल शिल्लक आहे का ते विचारून ठेवा. सुटे मेपल स्नेअर नेहमी ठेवलेलेच असतात असं नाही. आणि शनिवार-रविवार टाळा, गर्दीत ढोलकी काढू देणार नाहीत.